स्तनाच्या कर्करोगातील ट्यूमर सप्रेसर जनुके आणि हार्मोन रिसेप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ईआर पॉझिटिव्ह’ आणि ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ यांचा अर्थ एकच आहे का?

नाही. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाने होणारा हा गोंधळ सर्वांत आधी दूर व्हायला हवा. ‘ईआर पॉझिटिव्ह’ हे गाठीचे वर्णन आहे. गाठीतील पेशींच्या केंद्रकात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा ग्राही, सापडला एवढाच त्याचा अर्थ होतो. उपचारांच्या दृष्टीने ही बहुतेक वेळा दिलासा देणारी नोंद असते, कारण त्या रिसेप्टरवर नेम धरणारी प्रभावी औषधे, म्हणजेच हार्मोन थेरपी, हाताशी आहे. ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ हे मात्र सहसा त्या व्यक्तीचे वर्णन असते. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असलेला जनुकीय बिघाड त्यातून सांगितला जातो, आणि त्यामुळे ती नोंद भावंडांना व मुलांनाही लागू पडू शकते. एखाद्या रुग्णात या दोन्ही गोष्टी असू शकतात, एकच असू शकते किंवा एकही नसू शकते. त्या स्वतंत्र असल्या तरी एकमेकींपासून तुटलेल्या नाहीत, आणि पुढील बहुतेक उत्तरे त्यांच्यातल्या दुव्याविषयीच आहेत.

ट्यूमर सप्रेसर जनुके नेमके काय करतात?

पेशी गरज नसताना विभागू नये, विभागण्यापूर्वी तिच्या डीएनएतील मोडतोड दुरुस्त व्हावी आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्या पेशीने स्वतःला संपवावे, अशी व्यवस्था ज्या जनुकांमुळे टिकून राहते, त्यांना ट्यूमर सप्रेसर किंवा अर्बुदरोधक जनुके म्हणतात. त्यांची कामे सारखी नसतात. बीआरसीए-१, बीआरसीए-२ आणि पीएएलबी-२ ही जनुके डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर ते अचूक सांधण्याच्या कामी येतात. टीपी५३ आणि सीएचईके-२ धोक्याची सूचना ओळखून पेशीचे चक्र थांबवतात. आरबी-१ विभाजनाचे दार बंद ठेवते, पीटेन आणि एनएफ-१ वाढीचे संदेश शमवतात, तर सीडीएच-१ शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि सर्वसाधारणपणे दोन्ही निकामी झाल्याशिवाय संरक्षण पूर्ण जात नाही. ही ‘दोन आघातांची’ कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या अभ्यासातून मांडली. ज्यांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळते, त्यांच्या पेशींना दुसरा आघात पुरेसा होतो, आणि म्हणूनच त्यांना कर्करोग तुलनेने तरुण वयात होण्याची शक्यता अधिक असते. ‘तिच्यात बीआरसीए जनुक आहे’ असे बोलण्याच्या ओघात म्हटले जाते, पण ते जनुक सर्वांमध्येच असते आणि सर्वांचे रक्षणच करते. धोका असतो तो त्यातील बिघाडाचा.

हार्मोन रिसेप्टर म्हणजे काय आणि रिपोर्टमधील टक्के काय सांगतात?

इस्ट्रोजेन पेशीत शिरते आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाला जाऊन चिकटते. ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसून अनेक जनुके चालू करते, आणि त्यांत पेशीला विभागायला लावणारी जनुकेही असतात. संप्रेरक आणि हा रोग यांचे नाते रिसेप्टरचा शोध लागण्याच्या फार आधी लक्षात आले होते. जॉर्ज बीटसन या स्कॉटिश शल्यविशारदाने १८९६ मध्ये नोंदवले की, बीजकोश काढून टाकल्यावर काही स्त्रियांच्या स्तनातील पसरलेल्या गाठी आक्रसल्या. असे का घडले याचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आज स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के कर्करोग ईआर पॉझिटिव्ह असतात. बायोप्सीच्या तुकड्यावर विशेष रंगप्रक्रिया करून किती पेशींची केंद्रके रंगली हे मोजले जाते. १ टक्का किंवा त्याहून अधिक पेशी रंगल्या तर गाठ पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्क्यांच्या गटाला ‘लो पॉझिटिव्ह’ असे वेगळे नोंदवण्याची पद्धत २०२० पासून रूढ झाली आहे, कारण यांतील बऱ्याच गाठी वागणुकीने निगेटिव्ह गाठींच्या जवळ जातात. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे पीआर, हा इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या हुकमाने तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे. त्यामुळे पीआर भरपूर असणे ही ईआर केवळ हजर नसून कामही करत असल्याची खूण मानली जाते.

मग या जनुकांचा रिसेप्टरशी संबंध कुठे येतो?

तीन ठिकाणी. पेशीत रिसेप्टर तयार होईल की नाही, यावर काही ट्यूमर सप्रेसर जनुकांचा प्रभाव असतो. तयार झालेला रिसेप्टर किती जोराने काम करील, हे आणखी काही जनुके ठरवतात. तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे असूनही सर्वांत कमी समजावले जाते: रिसेप्टर बंद केल्यावर पेशी खरोखर थांबेल का, हेही याच जनुकांवर अवलंबून असते. रिपोर्टमधील ईआरची टक्केवारी रिसेप्टरच्या हजेरीविषयी बोलते, पण पेशी त्याच्यावर किती विसंबून आहे हे तेवढ्यावरून कळत नाही. ९० टक्के ईआर असलेल्या दोन गाठी एकाच गोळीला अगदी वेगळा प्रतिसाद देतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

बीआरसीए-१ मधील बिघाडामुळे होणारा कर्करोग बहुधा रिसेप्टर नसलेला का असतो?

हा या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रश्न आहे, कारण पहिल्या नजरेला उत्तर उलटे असायला हवे असे वाटते. बीआरसीए-१ चे प्रथिन इस्ट्रोजेन रिसेप्टरला प्रत्यक्ष जाऊन चिकटते आणि त्याची जनुके चालू करण्याची क्षमता दाबून ठेवते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांतून दिसले. शिवाय बीएआरडी-१ या जोडीदार प्रथिनासह ते रिसेप्टरवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवू शकते. म्हणजे बीआरसीए-१ हा ईआरचा लगाम आहे. तो लगाम सुटल्यावर ईआर मोकाट सुटावा आणि गाठी ईआर पॉझिटिव्ह व्हाव्यात, अशी अपेक्षा कोणीही करील. प्रत्यक्षात बीआरसीए-१ चा बिघाड वारशाने मिळालेल्या स्त्रियांच्या गाठींपैकी सुमारे ७८ टक्के ईआर निगेटिव्ह असतात आणि त्यांतील बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-२ (वाढीचा संदेश घेणारा आणखी एक रिसेप्टर) या तिन्ही खुणा नसलेल्या असतात.

या विसंगतीचा उलगडा दोन बाजूंनी होतो. पहिली बाजू अशी की, बीआरसीए-१ रिसेप्टरच्या कामावर लगाम ठेवते, पण रिसेप्टर तयार करणारे ईएसआर-१ हे जनुक चालू राहण्यासाठीही तेच हातभार लावते. बीआरसीए-१ गेल्यावर ईएसआर-१ मंदावते आणि रिसेप्टरचे उत्पादनच घटते. दुसरी बाजू पेशीच्या घडणीची आहे. स्तनातील मूळ पेशींपासून दुग्धनलिकांच्या आतल्या अस्तराच्या प्रौढ पेशी तयार होतात आणि त्या वाटचालीत काही पेशींमध्ये ईआर प्रकट होतो. बीआरसीए-१ नसेल तर ही वाटचाल मध्येच अडते. २००९ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून असे पुढे आले की, बीआरसीए-१ संबंधित कर्करोग बहुधा ‘ल्युमिनल प्रोजेनिटर’ म्हणजे अर्धवट घडलेल्या अस्तर-पेशींतून उगवतात, आणि या पेशींमध्ये ईआर मुळातच नसतो किंवा नगण्य असतो.

मग या स्त्रियांमध्ये संप्रेरकांचा काहीच वाटा नसतो का? असतो, पण तो बहुधा शेजारून येतो. स्तनातील रिसेप्टर असलेल्या पेशी संप्रेरकाचा संदेश ऐकतात आणि रँकल यांसारखी प्रथिने सोडून रिसेप्टर नसलेल्या शेजारच्या पेशींना वाढायला सांगतात. गाठीत रिसेप्टर सापडला नाही, एवढ्यावरून तिच्या जन्मात संप्रेरकांचा हात नव्हता असे म्हणता येत नाही. बीआरसीए-१ वाहकांत रँकलचा मार्ग डेनोसुमॅब या औषधाने अडवून कर्करोग टाळता येईल का, याची चाचणी घेतली जात आहे. तिच्याकडे आम्ही आशेने पाहत आहोत, कारण आज या स्त्रियांपुढे असलेले सर्वांत खात्रीचे प्रतिबंधक उपाय शस्त्रक्रियेचेच आहेत आणि ते स्वीकारणे सोपे नाही.

बीआरसीए-२ चेही तसेच असते का?

नाही. नावे जुळी वाटली तरी ही दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे आणि १९९४ मध्ये ते वेगळे करण्यात आले. बीआरसीए-२ तेराव्या गुणसूत्रावर असून त्याची ओळख १९९५ मध्ये पटली. बीआरसीए-२ मुख्यतः डीएनए दुरुस्तीत काम करते आणि अस्तर-पेशींच्या घडणीत त्याचा तसा निर्णायक हस्तक्षेप दिसत नाही, म्हणून त्याच्या बिघाडातून होणाऱ्या गाठींपैकी सुमारे ७७ टक्के ईआर पॉझिटिव्ह असतात. सीएचईके-२ आणि डीएनएची मोडतोड ओळखणारे एटीएम या जनुकांच्या वारशाने आलेल्या बिघाडांतही ईआर पॉझिटिव्ह गाठींचेच प्रमाण जास्त आढळते.

८० वर्षे वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता मात्र दोन्ही बीआरसीए जनुकांत जवळपास सारखीच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ती बीआरसीए-१ साठी ७२ टक्के आणि बीआरसीए-२ साठी ६९ टक्के आढळली.

प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरवर या जनुकांचा काय परिणाम होतो?

बीआरसीए-१ प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरलाही आवरते. बीआरसीए-१ आणि पी५३ (टीपी५३ जनुकाचे प्रथिन) दोन्ही नसलेल्या उंदरांच्या स्तनग्रंथीत हा रिसेप्टर वेळेवर नष्ट न होता साचत गेला, आणि प्रोजेस्टेरॉनला रोखणारे मिफेप्रिस्टोन दिल्यावर त्या उंदरांमध्ये गाठी होणे टळले. हा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांवरून थेट माणसांविषयी निष्कर्ष काढता येत नाही आणि हे औषध त्या हेतूने स्त्रियांना दिले जात नाही.

टीपी५३ बिघडले असेल तर हार्मोन थेरपीला प्रतिसाद मिळत नाही का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. मात्र टीपी५३ चा बिघाड आणि रिसेप्टरचा अभाव बरेचदा हातात हात घालून येतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाच्या विश्लेषणात ल्युमिनल-ए म्हणजे भरपूर ईआर असलेल्या, संथ वाढणाऱ्या गाठींपैकी सुमारे १२ टक्के गाठींमध्ये टीपी५३ बिघडलेले होते. ल्युमिनल-बी म्हणजे ईआर असलेल्या पण अधिक वेगाने वाढणाऱ्या प्रकारात हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते, आणि बहुतांशी ट्रिपल निगेटिव्ह असणाऱ्या बेसल-लाइक प्रकारात ८० टक्के.

या आकड्यांमागे दोन्ही प्रथिनांचे परस्परांवरील नियंत्रण आहे. पी५३ हे प्रथिन ईएसआर-१ जनुक चालू राहण्यास मदत करते. उलट दिशेने ईआर हे पी५३ ला चिकटून त्याचे काम मंदावते. म्हणून ज्या गाठीत ईआर आहे आणि पी५३ शाबूत आहे, तिथे पी५३ निकामी नसते, दबलेले असते. अशा गाठीत ईआर रोखल्यावर इस्ट्रोजेनची चालना तुटते आणि पी५३ वरचा दाबही सैल होतो. पी५३ च बिघडलेले असेल तर या दुसऱ्या लाभाला गाठ मुकते. ईआर पॉझिटिव्ह गाठीत टीपी५३ चा बिघाड असणे हे सर्वसाधारणपणे आक्रमक वागणुकीचे लक्षण मानले जाते, पण केवळ तेवढ्यावरून हार्मोन थेरपी नाकारली जात नाही आणि नाकारली जाऊही नये.

पीटेन गेल्यावर रिसेप्टर शाबूत राहूनही औषध का चालत नाही?

पीटेन हे पीआय-३-के आणि एकेटी या वाढीच्या मार्गाला शांत ठेवणारे जनुक आहे. ते गेले की एकेटी सतत पेटलेले राहते आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या १६७ व्या जागेवरील सेरीनला फॉस्फेट जोडते. रिसेप्टरला मग चालू होण्यासाठी इस्ट्रोजेनची तितकीशी गरज उरत नाही. लेट्रोझोलसारख्या गोळीने शरीरातील इस्ट्रोजेन जवळजवळ संपवले तरी असा रिसेप्टर आपले काम करत राहू शकतो. इस्ट्रोजेनच्या जागी बसून त्याला अडवणारे टॅमॉक्सिफेनही इथे कमी पडू शकते.

त्याच वेळी पेटलेला एकेटी मार्ग ईएसआर-१ आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरच्या जनुकांना खाली दाबतो. परिणामी ईआर पॉझिटिव्ह पण पीआर कमी किंवा नाही, असे चित्र रिपोर्टमध्ये दिसू शकते. एकेटी औषधाने रोखला की ईआर पुन्हा वर येतो आणि पेशी जुन्या आधाराकडे वळते. म्हणून दोन्ही वाटा एकाच वेळी बंद करण्याचे धोरण तर्कशुद्ध ठरते. कॅपिव्हासर्टिब हे एकेटी-रोधक औषध आणि रिसेप्टर नष्ट करणारे फुल्वेस्ट्रंट हे इंजेक्शन यांच्या एकत्रित वापराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. ही मान्यता हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह व हर-२ निगेटिव्ह अशा, आधीच्या हार्मोन थेरपीनंतरही वाढलेल्या प्रगत रोगासाठी आहे, आणि गाठीत याच मार्गातील पीआयके-३-सीए, एकेटी-१ किंवा पीटेन या जनुकांपैकी एकात बदल असणे ही तिची अट आहे. ट्यूमर सप्रेसर जनुकाची अवस्था पाहून हार्मोन थेरपीचा जोडीदार निवडण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

सीडीके ४/६ रोधक गोळ्यांचा आरबी-१ शी काय संबंध आहे?

ईआर चालू झाल्यावर पेशीत सायक्लिन-डी-१ हे प्रथिन वाढते. ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या विकरांना जागे करते. ही विकरे आरबी प्रथिनावर फॉस्फेट चढवून त्याला निष्प्रभ करतात, आणि पेशी डीएनएची नक्कल करायला मोकळी होते. म्हणजे इस्ट्रोजेनचा आदेश अखेरीस आरबीच्या दारातून जातो. पॅल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधे त्या विकरांना रोखून आरबीला पहाऱ्यावर ठेवतात. यांतील पहिल्या औषधाला २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

पहारेकरीच नसेल तर त्याला जागे ठेवण्यात अर्थ उरत नाही. आरबी-१ हरवलेल्या पेशीत ईआर असला तरी दार सताड उघडे असते, म्हणून ही औषधे तिथे निष्फळ ठरतात. सुदैवाने सुरुवातीच्या ईआर पॉझिटिव्ह गाठींमध्ये आरबी-१ बहुधा शाबूत असते. या गोळ्या घेत असताना थोड्या रुग्णांत आरबी-१ चा नवा बिघाड उगवतो, आणि तो रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएतून ओळखता येऊ शकतो.

सीडीएच-१, एनएफ-१ आणि जीएटीए-३ ही नावेही रिपोर्टमध्ये दिसतात. त्यांचे काय?

सीडीएच-१ गेल्यावर ई-कॅडेरिन हे पेशींना सांधणारे प्रथिन नाहीसे होते आणि पेशी एकेरी रांगांत विखुरतात. लोब्युलर कर्करोगाची ही ओळख आहे. इथे रिसेप्टरला धक्का लागत नाही, आणि सुमारे ९० टक्के लोब्युलर कर्करोग ईआर पॉझिटिव्ह असतात.

एनएफ-१ ची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याचे प्रथिन रॅस या वाढीच्या संदेशाला शमवते, हे दीर्घकाळ माहीत होते. २०२० मध्ये असेही दाखवले गेले की, ते केंद्रकात इस्ट्रोजेन रिसेप्टरवर बसून त्याला थेट दाबते. एनएफ-१ नसलेल्या पेशींना टॅमॉक्सिफेन रोखण्याऐवजी चेतवू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे.

जीएटीए-३ हे ईएसआर-१ ला चालू ठेवणारे आणि ईएसआर-१ कडून स्वतः चालू राहणारे जनुक आहे. त्यातील बदल प्रामुख्याने ईआर पॉझिटिव्ह गाठींतच सापडतात. ते शुद्ध अर्थाने ट्यूमर सप्रेसर आहे का, यावर मतभेद आहेत.

जनुकात बिघाड नसतानाही ते बंद पडू शकते का?

होय. डीएनएचा मजकूर जसाच्या तसा राहूनही जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चढले की ते वाचलेच जात नाही. वारसा नसलेल्या काही ट्रिपल निगेटिव्ह गाठींमध्ये बीआरसीए-१ अशा रीतीने गप्प झालेले आढळते, आणि काही गाठींमध्ये स्वतः ईएसआर-१ सुद्धा.

रोग उलटल्यावर पुन्हा बायोप्सी का सांगतात?

कारण मधल्या काळात गाठ बदललेली असू शकते. आधी ईआर पॉझिटिव्ह असलेल्या रोगात, तो दुसरीकडे पसरल्यावर, सुमारे पाचांतील एका रुग्णात ईआरची नोंद आधीपेक्षा वेगळी येते. पीआरच्या बाबतीत हे प्रमाण आणखी जास्त आहे. हार्मोन थेरपीच्या वर्षांत ज्या पेशींना रिसेप्टरची गरज कमी असते त्याच तगतात. त्यांतील काहींनी एनएफ-१ किंवा एआरआयडी-१ए सारखे सप्रेसर जनुक गमावलेले असते, तर काहींमध्ये खुद्द ईएसआर-१ बदलून रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवाय चालू राहतो. पुन्हा सुई टोचून घेण्याचा त्रास आणि निकालाची धास्ती आम्हाला कळते, पण जुन्या रिपोर्टवर नवा उपचार बेतणे त्याहून अधिक महागात पडू शकते. जिथे बायोप्सी अवघड आहे तिथे रक्तातील डीएनए तपासणी काही प्रमाणात मदत करते. ती जनुकांतले बदल दाखवते, रिसेप्टर किती आहेत हे मात्र दाखवत नाही.

तपासणी रक्ताची करावी की गाठीची?

दोन्ही तपासण्यांचे प्रश्न वेगळे आहेत. वारशाने आलेला बिघाड रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यातून ओळखतात, आणि तो सापडल्यास नातेवाइकांच्या तपासणीचा विचार करावा लागतो. पीटेन, आरबी-१, टीपी५३ यांतील बहुतेक बदल फक्त गाठीत झालेले असतात आणि ते पुढच्या पिढीत जात नाहीत. गाठीच्या तपासणीत बीआरसीए किंवा टीपी५३ चा बदल दिसला, तर तो जन्मजात आहे की नंतर झालेला, हे स्वतंत्र तपासणीने ठरवून घ्यावे. याविषयी जनुकीय समुपदेशकाशी आधी बोलणे फार उपयोगाचे असते.

ईआर पॉझिटिव्ह गाठ असूनही बीआरसीएची तपासणी का करावी?

कारण बीआरसीए-२ चे बहुतेक वाहक याच गटात सापडतात, आणि ‘ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे आनुवंशिक नसेल’ या समजुतीपायी त्यांची तपासणी राहून जाते. तिचा उपयोग उपचारातही आहे. डीएनए दुरुस्तीचा एक मार्ग आधीच निकामी असलेल्या पेशीचा दुसरा मार्ग ओलापॅरिबसारख्या पार्प-रोधक औषधाने बंद केला की ती पेशी मरते, आणि हे तत्त्व रिसेप्टर असलेल्या व नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या गाठींना लागू होते. पसरलेल्या हर-२ निगेटिव्ह रोगासाठी अमेरिकेत या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया झालेल्या पण रोग उलटण्याचा धोका जास्त असलेल्या वाहकांसाठी ती २०२२ मध्ये मिळाली. तिथे ते एक वर्ष दिले जाते, आणि गाठ हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोन थेरपीही सोबत चालू ठेवता येते.

पुरुषांना यातील काय लागू होते?

जवळजवळ सर्व. पुरुषांमध्ये स्तनाचा कर्करोग क्वचित होतो, पण झालाच तर तो सुमारे ९० टक्के वेळा ईआर पॉझिटिव्ह असतो, आणि त्यामागील वारशाच्या कारणांत बीआरसीए-२ आघाडीवर आहे. म्हणून या रोगाचे निदान झालेल्या प्रत्येक पुरुषाला, घरात आधी कोणाला कर्करोग झाला असो वा नसो, जनुकीय तपासणी सुचवली जाते. हा बिघाड वडिलांकडून मुलीकडेही तितक्याच, म्हणजे ५० टक्के, शक्यतेने जातो. कुटुंबाचा इतिहास सांगताना फक्त आईकडच्या नातेवाइकांची नावे दिली जातात, तेव्हा हीच अर्धी बाजू नोंदीतून सुटते.